रोपणानंतरच्या सकाळी

नागपूरच्या ज्ञानरोपण केंद्रात अठरा वर्षांच्या ऋजुता देवतळेच्या अर्जात एकच रकाना रिकामा होता: विषय. तो भरायला तिच्याकडे आठ दिवस होते.

"दुसऱ्यांदा रोपण होत नाही का, सर?"

"नाही," केंद्राचे संचालक डॉ. वैरागडे म्हणाले. "मेंदूतलं शिकण्याचं दार लहानपणी सताड उघडं असतं, मग हळूहळू लोटलं जातं. आम्ही ते यंत्राने चाळीस दिवस पूर्ण उघडतो. तेवढ्यात पाच वर्षांचा अभ्यास आत जातो. नंतर ते कायमचं बंद."

"म्हणजे पुढे नवीन काहीच शिकता येत नाही?"

"घडलेलं सगळं आठवतं. आधी रुजलेलं तर जन्मभर पक्कं राहतं. फक्त नवी रीत, नवा विचार टिकत नाही. तो झोपेत रुजायचा असतो. दार बंद असलं की रात्रीतून विरून जातो. म्हणून विषय नीट निवडायचा."

"पण पुढे कोणत्या विषयाला काम राहील, हे आत्ता कसं कळणार?"

"ते कोणालाच कळत नाही, बाळ."

तिच्या दादाने, सौमित्रने, कोळसाखाणींचं सर्वेक्षण निवडलं होतं. चार वर्षांत खाणी बंद पडल्या. त्यानंतरची तीन वर्षं तो सौरपट्ट्यांची दुरुस्ती शिकत होता. संध्याकाळपर्यंत हात बसायचा आणि सकाळी अवजारं पुढ्यात घेऊन तो नुसता बघत राहायचा. पहिला धडा त्याने हजार वेळा तरी गिरवला असेल. "काल मला येत होतं हे आठवतं," तो म्हणायचा. "तेच वाईट आहे."

ऋजुताने अशा तीनशे जणांच्या नोंदी जमवल्या आणि वैरागड्यांपुढे ठेवल्या. त्यांनी तीन तास वाचलं. मग चष्मा काढला.

"हे थांबवायला हवं. उद्याच आदेश काढतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला नावाने ओळखलं, बसायला सांगितलं. "काल मी फार अस्वस्थ झालो होतो. पण आज पुन्हा चाळलं, तर त्यात विशेष काही दिसेना."

ऋजुताने नोंदींची चवड पुन्हा आपल्याकडे ओढली. "सर, तुमचं रोपण कधी झालं?"

"पहिल्या तुकडीत!" ते अभिमानाने म्हणाले. "इथल्या सगळ्याच तज्ज्ञांचं झालंय."

रोपणाशिवाय पदवी नव्हती आणि पदवीशिवाय केंद्रात शिरता येत नव्हतं. आठव्या दिवशी तिने रकान्यात लिहिलं: ज्ञानरोपणशास्त्र. हे यंत्र माणसाला निकामी करतं, हे तिच्या मनात आधीच रुजलं होतं. आता ते कोणालाच पुसता येणार नव्हतं.

"तुला तर हवामानशास्त्र हवं होतं ना?" सौमित्रने विचारलं.

"मला काय हवंय ते अजून ठरतच नव्हतं, दादा. ठरायची वाट बघायला वेळ कुठे आहे?"

सव्वीस वर्षांनी ती त्याच केंद्राची संचालक झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिने रोपण बंद केलं. मुलं पुन्हा पाच-पाच वर्षं शिकू लागली, चुकू लागली, मधेच विषय बदलू लागली.

या मुलांतल्याच एकीने, डॉक्टर झाल्यावर, बंद दार उघडण्याची पद्धत शोधली. यंत्र तेच, प्रवाह उलटा. दुसऱ्या शहरांत ऐंशी जण बरे झाले होते. नागपूरचं यंत्र चालवायला मात्र संचालकाची सही लागत होती. म्हातारपणाकडे झुकलेल्या सौमित्रने त्या डॉक्टरकडून सगळं समजून घेतलं आणि त्याच संध्याकाळी तो त्या पद्धतीची कागदपत्रं घेऊन बहिणीकडे आला.

ऋजुताने शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तिचे डोळे भरून आले. "दादा, हे खरं आहे. तू बरा होशील."

"मग सही कर. आत्ता. सकाळवर ठेवू नकोस."

तिने सही केली. वेळ मिळाली दुसऱ्या दिवशी नऊची.

सकाळी जाग आली तेव्हा तिला सही आठवली, रडणंही आठवलं. कारण मात्र काही केल्या सापडेना. पक्कं ठाऊक होतं ते एवढंच, की ते यंत्र माणसाला निकामी करतं आणि दादा त्यात झोपणार आहे. तिने केंद्रात फोन लावला.

"मॅडम, त्यांना आत घेतलंय," तंत्रज्ञ म्हणाला. "पाच मिनिटांत सुरू—"

"थांबवा! माझा आदेश आहे. दादाला फोन द्या."

"ऋजू," सौमित्र म्हणाला, "काल तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले होते. चुकलं माझं. कशासाठी गेलास तू तिथे?"

"यायचंच होतं, एवढं आठवतंय. का, ते आता सांगता येत नाहीये गं."

"मग घरी ये," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

तो उठला, शर्टाची बटणं लावली आणि घरी आला.