अकरा खर्डे

मिरजेच्या ठसाकेंद्रात येणारी माणसं देवळात आल्यासारखी चपला बाहेर काढत. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. पण आत आपलं गेलेलं माणूस भेटणार, मग पायात चपला कशा ठेवायच्या, असं पहिल्या कुणाला तरी वाटलं असेल आणि पुढे ती रीतच पडली.

आठवणीचा मेंदूत जो माग राहतो, त्याला शास्त्रज्ञ ठसा म्हणू लागले होते. डोक्याला मऊ पट्टा बांधायचा, डोळे मिटायचे आणि आठवायचं. यंत्र तो ठसा वाचून समोरच्या पडद्यावर चित्र आणि आवाज उमटवत असे. वाटणीच्या खटल्यांत लोक ठसे पुरावा म्हणून आणायला लागल्यावर त्यांची नक्कल काढायला कायद्याने बंदी आली. त्यामुळे जे पाहायचं ते तिथेच, तेवढंच. पुढची भेट महिन्याने.

रेवती सबनीस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुरुंदवाडहून तिथे आली ती आपल्या मुलीला पाहायला. जुई सातव्या वर्षी तापाने गेली, त्याला आता चाळीस वर्षं झाली होती. रेवतीने नऊ पुस्तकं लिहिली, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच, जुईवरचं. त्यातला एक उतारा शाळेत धडा म्हणून होता. सोबत तिचे यजमान श्रीनिवास होते. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी कालव्याच्या पाण्याची पातळी नोंदवण्यात गेली होती. त्यांनी ते पुस्तक कधी वाचलं नव्हतं. पहिली प्रत तिने त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली. दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी खाली यायची, पुसली जायची, परत वर जायची. या माणसाला पोरीचं काहीच वाटलं नाही, असं रेवती मनातल्या मनात म्हणत आली होती. तोंडाने कधी बोलली नाही.

पट्टा बांधला. रेवतीने डोळे मिटले, चित्र स्थिर झाल्यावर उघडले.

खिडकीशी एक मुलगी बसली होती. दोन लांब वेण्या, लाल रिबिनी. ती वळली आणि म्हणाली, "आई, पाऊस थांबला की चिमण्या कुठे ठेवतात गं तो?"

रेवतीच्या ओळखीचं वाक्य होतं ते. पान त्रेसष्ट. आणि आवाज मुलीचा नव्हताच. गावोगावच्या वाचनाच्या कार्यक्रमांत ते पान वाचणाऱ्या बाईचा, तिचा स्वतःचा आवाज होता तो.

मागून श्रीनिवास म्हणाले, "ही कोण?"

"अहो, कोण म्हणजे काय?"

"वेण्या कुठल्या गं? उवा झाल्या म्हणून तूच तिचे केस बारीक कापून आणले होतेस. दोन दिवस रुसली होती. वेण्यावाली तुझ्या पुस्तकावर आहे."

केंद्रातली डॉक्टर तस्नीम मुल्ला तरुण होती. तिने यंत्र बंद केलं, खुर्ची रेवतीजवळ ओढली.

"काकू, आपल्याला वाटतं, आठवण काढली, पाहिली, परत जागेवर ठेवली. मेंदू तसं करत नाही. बाहेर काढलेली आठवण तो नव्याने बांधून आत ठेवतो. मधले पाच-सहा तास ती ओली असते. त्याला आम्ही ओलवेळ म्हणतो. त्या वेळात जे मनात येईल ते तिच्यात मिसळतं आणि तसंच वाळतं."

"ओल्या स्लॅबवरून मांजर गेल्यासारखं," श्रीनिवास म्हणाले. "पावलं कायमची."

"अगदी तसंच, काका." तस्नीमने रेवतीकडे पाहिलं. "पुस्तकाचे खर्डे किती केले होते तुम्ही?"

"अकरा."

"म्हणजे अकरा ओलवेळा. त्याही लिहिण्याच्या टेबलावर."

रेवतीला ते टेबल आठवलं. पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने लिहायची तिची सवय. रोज सकाळी जुईला समोर उभी करायची, नीट पाहायची आणि मग वाक्य घडवायचं. वाक्याला लय आली की तिला हायसं वाटे. आज पोर थोडी तरी वाचवली, असं. कापलेल्या केसांचं पहिल्या खर्ड्यात होतं. चौथ्यात तिने ते काढलं, कारण उवांमुळे त्या प्रसंगातलं कारुण्य उणावत होतं. चिमण्यांचं वाक्य सहाव्यात आलं. जुई तसं बोलली नव्हती, पण बोलली असती, असं तेव्हा वाटलं होतं.

"म्हणजे मी तिला खोडत होते," ती म्हणाली.

तस्नीम श्रीनिवासांकडे वळली. "जी आठवण फारशी काढली जात नाही, ती बरीचशी मूळची राहते. काका, तुम्ही कधी बोलता का मुलीबद्दल?"

"छे."

"मनात आणता?"

"येऊ देत नाही. आली की पाण्याचे आकडे म्हणायचे. सवय लागते."

रेवतीने चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते शर्टाच्या बटणाशी चाळा करत होते. मग म्हणाले, "बांधा तो पट्टा मला. हिला बघू दे."

तस्नीमने बजावलं, "एकदा ठसा उघडला की ओला झाला. सहा तास मुलीबद्दल एक शब्द बोलायचा नाही, दोघांनीही. फोटो पाहायचे नाहीत. काकू, तुम्ही तर विशेष. शब्दांवर तुमचा हात चालतो."

पडद्यावर कालव्याचा काठ आला. मुलाच्यासारखे कापलेले केस, पुढचा एक दात पडलेला, नाकाखाली पुसल्याचा पांढरा ओघळ. हातात बापाची मोजपट्टी, तिच्याहून उंच.

"बाबा, तुमचं पाणी चुकलंय!" ती ओरडली. आवाज घोगरा. "मला पेरू हवाय. आत्ता हवाय. नाहीतर मी आकडा सांगणार नाही ज्जा!"

आणि तिने मोजपट्टी चिखलात टाकून दिली.

चाळीस सेकंद. रेवतीने रुमाल दातांत धरून ठेवला होता. तो घोगरा आवाज! तो तिच्या अकरा खर्ड्यांत कुठेच नव्हता. आपल्या पोरीचा आवाज घोगरा होता, हेच ती विसरून गेली होती.

घरी येताना दोघं बसमध्ये गप्प होती. जेवणं गप्प झाली. रेवतीच्या डोक्यात वाक्यं जुळू पाहत होती, 'तिच्याहून उंच मोजपट्टी' वगैरे, आणि ती त्यांना हुसकावत होती. आता तोंडातून काहीतरी निघेल या भीतीने ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. बाहेर कागदाचा आवाज येत होता. पेपर वाचत असतील, तिला वाटलं. तिचा डोळा लागला.

संध्याकाळी श्रीनिवासांनी स्वतः चहा करून आणला. डोळे लाल होते. "सुटलो का आपण आता?" ते म्हणाले. ती हसली. तो महिना तिला फार हलका गेला. जगात एका जागी तरी जुई जशीच्या तशी होती.

महिन्याने ते पुन्हा गेले. या वेळीही श्रीनिवासांनाच पट्टा बांधला.

खिडकीशी एक मुलगी बसली होती. दोन लांब वेण्या, लाल रिबिनी. ती वळली आणि रेवतीच्या आवाजात म्हणाली, "आई, पाऊस थांबला की चिमण्या कुठे ठेवतात गं तो?"

तस्नीमने एकदा पडद्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं. "काका, त्या दिवशी घरी गेल्यावर काय केलंत?"

"काही नाही. शब्दसुद्धा बोललो नाही, हिला विचारा." ते डोळे पुसत होते, पण चेहरा उजळलेला होता. "बोलायचं नव्हतं, आणि पोर डोळ्यांपुढून हलत नव्हती. मग कपाटावरचं हिचं पुस्तक काढलं. एका बैठकीत वाचलं."

ते रेवतीकडे वळले. "इतकी वर्षं वाचलं नाही गं. मूर्खच मी. किती हुबेहूब लिहिलंयस! अश्शीच होती."

या एका वाक्याची तिने पुस्तक छापून आल्या दिवसापासून वाट पाहिली होती.

तस्नीम काही सांगायला पुढे झाली. रेवतीने तिचा हात धरला आणि मान हलवली. आता सांगून काय होणार होतं? ठसा आताही ओलाच होता; जे बोलू ते तसंच वाळणार होतं.

"केस केवढे लांब होते नाही तिचे?" श्रीनिवास पडद्याकडे पाहत म्हणाले.

"हो," रेवती म्हणाली. "मीच घालायचे वेण्या. रोज सकाळी."