कडेपासून बेचाळीस मिलिमीटर

ही घटना खरी आहे. ती खोटी ठरावी म्हणून प्रफुल्लने पट्टी आणि कॅमेरा, दोन्ही वापरून पाहिले.

स्थळ सालवड. या मार्चमधला दुसरा रविवार, भर दुपार.

पाण्याचे नमुने तपासणे हे प्रफुल्लचे काम. दारात लाडकी उभी होती. तिचा नवरा जिवल्या ओढ्याकाठच्या बिळांत हात घालून खेकडे पकडीत असे. त्या पाण्यानेच त्याचा हात भाजला आणि तो गेला.

तेच पाणी ‘सुरक्षित’ ठरवणाऱ्या अहवालावर सही प्रफुल्लची होती.

तिने तळहाताएवढे चित्र पुढे केले. लाकडी ठशाने छापलेले.

“भिंतीला लावा, साहेब. तुमी शिकलेले. अर्थ लागंल.”

आणि ती गेली.

“बगळा म्हणजे संयम,” बायको स्नेहा चित्र निरखत म्हणाली. “ओढा म्हणजे आयुष्य. आणि हा खेकडा?”

“कालवण.”

“तुला कशाचं काही वाटतं का रे?”

सोमवारी खेकडा कडेकडे सरकल्यासारखा भासला. प्रफुल्लने पट्टी लावली. बेचाळीस मिलिमीटर.

मंगळवारी... एकतीस.

दमट हवेत कागद प्रसरण पावतो. अकरा मिलिमीटर नव्हे.

गुरुवारी... नऊ.

फोनमधल्या प्रत्येक फोटोत मात्र बेचाळीसच.

शुक्रवारी ओढ्याचा नवा नमुना आला. आम्लता मर्यादेच्या कितीतरी पुढे. ओढ्यात सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याच्या मालकाचा फोन आला, “जुनाच आकडा राहू द्या.”

प्रफुल्लने सही केली.

संध्याकाळी चित्रात बगळा होता. ओढा होता.

खेकडा...

स्वयंपाकघराच्या फरशीवरून काहीतरी खरवडत गेले.

सकाळी त्याच्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत सुटली होती.

“आम्लाने भाजलंय,” डॉक्टर म्हणाले.

त्या आठवड्यात त्याने आम्लाची बाटली उघडलीही नव्हती.

मंगळवारी तो लाडकीच्या दारात उभा राहिला. “बाई, त्या खेकड्याचा अर्थ सांगा.”

“कोनता खेकडा? मी बगळा नि वढा कोरला. त्या वढ्यात आता खेकडा उरलाय कुठं?”

तिने त्याच्या बांधलेल्या हाताकडे शांतपणे पाहिले.

“जिवल्याला नऊ दिस लागले. तुमचा कितवा?”

“चौथा.”

“मंग हाय अजून टाईम.”

घरी येताच त्याने खरा अहवाल तयार केला आणि डाव्या हाताने सही करून पाठवला.

अहवाल परत आला. शेरा एका ओळीचा: सही जुळत नाही.

आज आठवा दिवस. टेबलावर तोच अहवाल आहे आणि प्रफुल्ल उजव्या हाताने पेन धरू पाहतो आहे...