तिसऱ्या पिंपाची भूक

बाळ बाटलीला तोंड लावेना, आणि घरात प्रत्येकाकडे त्यावर उपाय तयार होता. नवऱ्याने बायकोचा गाऊन अंगात चढवला, डोक्याला तिचाच स्कार्फ गुंडाळला आणि बाटली पुढे केली. बाळाने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारा ओशाळून आत गेला आणि शर्ट घालून आला. सासूबाईंनी गाणी म्हटली. शेजारच्या काकूंनी बाटलीला मऊ फडकं गुंडाळून पाहिलं. बाळाचं म्हणणं एकच: आधी आई आणा, मग बोलू.

आई तेव्हा छातीभर समुद्रात, एका पालथ्या पिंपाशी उभी असायची.

कामावर तिला सगळे झरेबाई म्हणत. किनाऱ्यावरच्या छोट्याशा प्रयोगशाळेत तिचं काम होतं समुद्रतळाशी फुटणारे गोड्या पाण्याचे झरे मोजायचं. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, वर्षानुवर्षं खडकांतून झिरपत राहतं, वाटेत मातीतलं, दगडांतलं जे जे पौष्टिक ते उचलतं आणि वाळूतून गुपचूप समुद्रात शिरतं. त्यावर शेवाळ पोसतं, शेवाळावर मासे. गवगवा सगळा नद्यांचा. या झऱ्यांना कोण विचारतो? मोजायची रीत साधी. अर्धं कापलेलं पिंप वाळूत पालथं रोवायचं, त्याच्या बुडाला नळी, नळीला प्लॅस्टिकची पिशवी. खालून येणारं पाणी पिशवीत साठतं. कोरडी पिशवी लावली तर मोजमाप चुकतं, म्हणून तिच्यात आधीच थोडं पाणी भरायचं.

हे सगळं तिने एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे जमीन समुद्राला पाजते. आणि ती नीट पाजते ना, हे बघायला तू स्वतःचं लेकरू टाकून जातेस. बरं बाई."

"टाकून काय आई! दूध काढून ठेवते ना मी."

"तू काढून ठेवतेस गं. तो घेतो कुठे?"

तेही खरंच. डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्यावरून बाळ उचलून तिच्या हातात दिलं आणि हळूच सांगितलं, "पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं दिसलं नाही, तर दवाखान्यात ठेवावं लागेल. नाकातून नळी घालून पाजू." बाळाच्या नाकपुड्या त्या केवढ्या!

दुपारी कामावर काढलेलं दूध ती प्रयोगशाळेच्याच पिशव्यांत भरून तिथल्या फ्रिजमध्ये ठेवायची. वरच्या कप्प्यात पिंपांच्या पाणी भरलेल्या पिशव्या, खालच्यात बाळाच्या. रात्ररात्र जागणाऱ्या बाईचा कप्पा एखाद दिवशी चुकायचाच. तसा तो चुकला. दुधाची पिशवी पिंपाला लावताना डोळे उघडे होते एवढंच. हात आपले सवयीने चालले होते.

ओहोटीला ती पिशव्या सोडवायला गेली, तर बाकी सगळ्या फुगलेल्या आणि तिसऱ्या पिंपाची तेवढी चपटी. आतून चिकटलेली, कोणीतरी शेवटचा घोट ओढून घेतल्यासारखी. शिवणीशी एक पांढरा थेंब.

"उलटं ओढलंय," पाणबुड्या म्हणाला. हा तिचा सहकारी. पाण्यावर कमी आणि पाण्याखाली जास्त राही, म्हणून हे नाव. "होतं कधीकधी. भरतीला पाणी परत वाळूत जातं."

"एकट्या तिसऱ्यातच?"

"आता ते त्यालाच विचारा."

तेवढ्यात घरून फोन. "अगं, आज हा रडलाच नाही!" सासूबाई सांगत होत्या. "बाटली दाखवली तर तोंड फिरवून ढेकर दिला. चांगला बाप्यासारखा! आणि गालाचा पापा घेतला, तर गाल खारट."

झरेबाई शास्त्र शिकलेली. एका खेपेवर भुलणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम दूध लावलं: पिशवी चपटी, घरी ढेकर. मग नुसतं पाणी लावलं: पिशवी टम्म, आणि फोनवर सासूबाईंचा आवाज ऐकू येईना, इतका बाळाचा टाहो. शेवटी पावडरचं दूध लावून पाहिलं. पिंपाने पिशवी नळीसकट भिरकावून दिली, आणि त्याच सुमारास घरी बाळाने आजीच्या नव्या कोऱ्या कपड्यांवर जोरदार गुळणी टाकली.

"चोखंदळ आहे पिंप," पाणबुड्या वाळूतून नळी शोधत म्हणाला.

"कुणाला सांगू नका हं."

"कुणाला सांगू? आणि काय म्हणून सांगू, मॅडम?"

तेव्हापासून ती रोज तिसऱ्या पिंपाला दूध लावू लागली. बाळाच्या गालांना गोलाई आली. तपासणीला काटा असा सरकला, की डॉक्टरीणबाईंनी बाळ पुन्हा ठेवून पाहिलं. "काय जादू केलीत?"

"गाणी," सासूबाई म्हणाल्या. "माझी."

झरेबाई स्वतःच्या चपलांतली वाळू बघत बसली.

तिकडे तिसऱ्या पिंपाभोवती शेवाळ गच्च माजलं. बोटाएवढे मासे दिवसभर तिथून हलेनात. "हे अहवालात काय लिहू?" पाणबुड्याने विचारलं.

"लिहा, झरा गुणाचा आहे."

आणि एका सकाळी सासूबाईंचा फोन आला. "घेतली! बाटली घेतली गं! दोन्ही हातांनी धरून प्यायला, आणि रिकामी झाल्यावर फेकून मारली मला!"

झरेबाई फ्रिजपाशीच रडली, हसली, नाक पुसलं. त्या दिवशी तिने पिंपाला मुद्दाम पाण्याचीच पिशवी लावून पाहिली होती. बाळ आता आपलं आपण पीत होतं, घरी, आजीच्या मांडीवर. मग पिंपाशी हिशेब संपला. ते काढून टाकायचं तिने ठरवलं.

पिंप हलेना. दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा चोखणी तोंडातून सुटावी तसा आवाज करत ते वर आलं. पाणबुड्या ते खांद्यावर टाकून किनाऱ्याकडे निघाला.

ती एकटी थांबली. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. खाली वाळूत गोल खळगा, आणि मधोमध बारीकसं भोक.

वारा पडला होता. लाट नव्हती. कुठून कसलाही आवाज आला नाही.

आणि तिला पान्हा फुटला.

बाळ भुकेने रडलं की फुटतो तसा, आवरता न येणारा. बाळ तर पोटभर पिऊन झोपलं होतं.

शर्टातून दुधाचा पांढरा ढग पाण्यात उतरला. तो पसरायला हवा होता. पसरला नाही. सुतासारखा बारीक झाला आणि सरळ खाली, भोकाकडे निघाला.

आपण मांडीवर कोणी असल्यासारखं हळूहळू डोलतो आहोत, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

भोकाशेजारची वाळू जराशी हलली, आणि तिथे दुसरं उघडलं.