भिसे खिंडीतली दोन मिनिटं

रितेश, तो मोबाईल उलटा ठेव. आणि दिशा, मघापासून "आबा, भुताची सांगा" म्हणून मागे लागलीस ना? मग आता अर्ध्यात उठून आईकडे पळायचं नाय. ही ऐकीव गोष्ट नाय. कोलाडचा गोविंदा, रोह्यातल्या एका दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवतो तो, याच ओट्यावर बसून मला सांगून गेला.

यंदाची पौष अमावास्या, रविवारची रात्र. काम साधंच होतं. लहान बाळांचं एक यंत्र दुरुस्तीला पेणला गेलेलं, ते रोह्याला परत आणायचं. दिवस भरायच्या आत आलेलं पोर श्वास घेतं, पण लवकर दमतं. मग त्याच्या नाकात दोन इवल्या नळ्या बसवून हलका वारा सोडतात. घशात काही खुपसायचं नाय, जबरदस्ती नाय. चालायला शिकणाऱ्या पोराला आपण बोट देतो, तेवढाच आधार. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. बाटलीत बुडबुड वाजतंय तोवर वारा पोचतोय. बुडबुड थांबली की समजायचं, नाकातली नळी निसटली.

गोविंदाने त्या यंत्राची पेटी मागे ठेवली. बाटली कोरडी, सीलबंद पिशवीत. वडखळला चहा मारला, आपल्या कासूवरून पुढे गेला. नागोठण्यात शिरतो तोच दवाखान्यातल्या दिपिका सिस्टरचा फोन. "गोविंददादा, कुठे आहात? मिथुनची बायको बाळंत झाली, सातव्यातच. धाटावला कंपनीत जातो ना, तो मिथुन. बाळ हलवता येणार नाही. मी हाताने फुगा दाबून श्वास देत बसलेय. लवकर या."

"आलोच," म्हणाला.  पण आता मधे भिसे खिंड होती.

आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांचा नेम ठाऊक हाय ना? रात्रीचं खिंडीत थांबायचं नाय. टायर फुटला तरी उतारापर्यंत ढकलत न्यायची. गोविंदा तर या बाबतीत पक्का भित्रा. दिवाळीच्या सुमारास सरूची पोर तो याच रस्त्याने पेणला नेत होता. सरू म्हणजे आतल्या गावातली, वालाची शेती करणारी. पोर इवलीशी, बारसंही व्हायचं होतं. मागे दिपिका सिस्टर, हीच पेटी, हीच बाटली. ऐन खिंडीत बुडबुड थांबली. सिस्टर ओरडली, "दादा, नळी निसटली! हलत्या गाडीत बसत नाही. दोन मिनिटं थांबवा!"

"खिंड उतरू दे, ताई."

"दादा, थांबवा हो!"

नाय थांबवली त्याने. उलट जोरात हाणली. खाली उतरेपर्यंत पोरीचे ओठ जांभळे पडले होते. पेणच्या डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, पण पहाटे पोर गेली. गोविंदाने सगळ्यांना सांगितलं, रस्ताच खराब. सिस्टर त्याच्याकडे नुसती बघत राहिली. आणि सरू? पंधरा दिवसांनी वालाची पिशवी घेऊन त्याच्या घरी आली. हात जोडून म्हणाली, "दादा, माझ्या बायसाठी लय पळवलीत गाडी." याने ती पिशवी घेतली, रे! मान खाली घालून घेतली. शिजवायची छाती झाली नाय. अजून सीटखाली पडून हाय.

तर अमावास्येला गाडी खिंडीत शिरली. काळोख. दिव्यापुढचा रस्ता तेवढा दिसतोय.

आणि मागून...

बुड... बुड... बुड...

रेडिएटर असेल, म्हणाला मनाशी. काटा बघितला. ठीक होता. आरशात बघितलं. काळोख.

बुड... बुड...

 पाय ॲक्सिलेटरवर. वळण आलं. आणि...

थांबली.

बुडबुड थांबली.

मागून कोणी ओरडलं नाय. ओरडायला होतं कोण? पण त्याच्या कानात तेच शब्द. दोन मिनिटं, दादा... उतार समोर दिसत होता. आणखी थोडं, की सुटला असता.

त्याने करकचून ब्रेक मारला.

"थांबलो गो बाय... थांबलो."

खाली उतरला.  मागे गेला तर दार सताड उघडं. पेटीचा पट्टा सुटलेला, पेटी अर्धी बाहेर. पुढच्या वळणाला दरीतच गेली असती, आणि तिकडे मिथुनचं पोर...

पेटी आत ढकलली. पट्टा आवळला, दार लावलं. मग तिथेच उभा राहिला. मुद्दाम. दोन मिनिटं. रातकिडे ओरडत होते, थोडा वारा होता. बाकी काही नाय. कोणी धरलं नाय, कोणी हाक मारली नाय.

"आबा, एवढंच होतं हो," मला सांगताना तो पोरासारखा रडला. "एवढंच होतं. आणि मी थांबलो नाय."

गाडी सुरू केली, तशी मागे पुन्हा बुड... बुड... पार रोह्यापर्यंत. या वेळी त्याने वेग नाय वाढवला. खड्डे चुकवत, अलगद नेली.

मिथुनचं पोर वाचलं. आता चांगलं बाळसं धरलंय. सरूला मात्र गोविंदाने अजून खरं सांगितलेलं नाय. रोज ठरवतो. तिच्या गावाच्या फाट्यावरून जाताना तिकडे बघतसुद्धा नाय. मी त्याला म्हटलं, खिंडीत थांबलास ना, आता तिच्या दारात थांब. 

व्हय, एक राहिलंच. त्या रात्री रोह्याला त्याने पेटी आत नेली. दिपिका सिस्टरने घाईघाईने पिशवीचं सील फोडलं, बाटली बाहेर काढली आणि तिथेच थबकली.

"दादा, यात पाणी कोणी भरलं?"

बाटलीवरच्या खुणेपर्यंत, बरोब्बर. त्याने बोट लावून बघितलं.

पौषातल्या त्या थंडीत... पाणी कोमट होतं.