इंजिन बंद केल्यावर

कसारा घाट चढताना एशियाड बसच्या काचा धुक्यानं आंधळ्या झाल्या होत्या, आणि माझ्या शेजारचा माणूस शांतपणे शेंगा सोलत होता. दाणे खात नव्हता, मांडीवरच्या रुमालात जमवत होता. चांगले मूठभर जमल्यावर त्यानं रुमाल माझ्यापुढे धरला.

"घ्या. मला सोलायला आवडतं, खायला नाही."

एरवी मी घेतले नसते. पण दिवसभर मुंबईत एका काचेच्या दाराबाहेर बसून ‘साहेब कामात आहेत’ हे ऐकून आले होते. कोणीतरी काहीतरी पुढे करतंय, एवढंच पुरलं. मी दाणे घेतले.

"मुंबईत काम होतं?"

"भांडण होतं."

"जिंकलात?"

"भांडायला समोर कोणी आलंच नाही."

तो हसला. मग मात्र – का, ते आजही मला नीट सांगता येत नाही – मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगत गेले. घरी मी अजून कोणाशी धड बोलले नव्हते. आईशी तर नाहीच.

माझे बाबा, डॉ. निवृत्ती पगारे. नाशकात दवाखाना, आणि दर बुधवारी चांदवडच्या पुढे घाटाखालच्या गावात दुसरा, बिनफीचा. जुन्या अँबॅसिडरनं वर्षानुवर्षं ते तिकडे जात. मग अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. क्लच दाबायला पाय नाही, म्हणून गाडी सुटली, बुधवार सुटला. अपंगांच्या परवानगीवर परदेशी गाडी मागवता येते असं कळल्यावर त्यांनी अर्जामागून अर्ज केले. शेवटी ती राखाडी गाडी आली. तिला क्लच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. बाबा पहिल्यांदा ती घेऊन निघाले तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांना हात करत गेले होते.

वर्षाच्या आत गाडी झटके द्यायला लागली. मग इंजिन नुसतंच ओरडायचं, चाकं जागची हलायची नाहीत. हमीची मुदत शिल्लक होती. बाबांनी कंपनीला लिहिलं, पुन्हा लिहिलं. सप्टेंबरात हृदयविकारानं बाबा गेले. कंपनीचं उत्तर आलं ते पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी. ‘बिघाड चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असल्याने हमी लागू होत नाही.’

"तीस वर्षं डॉक्टरकी केली त्यांनी," मी म्हणाले. "इंजेक्शनची सुई स्वतः उकळायचे, दुसऱ्यावर सोडायचे नाहीत. आणि त्यांच्याबद्दल जगात शेवटचा लिहिला गेलेला शब्द हा. निष्काळजीपणा. गाडीचं काय करायचं ते करा, मला तो शब्द मागे घेतलेला हवाय."

त्यानं हातातली शेंग फोडली, दाणे रुमालात टाकले. मग एवढंच विचारलं, "गाडी कधी दोरीनं ओढत आणली होती का?"

"नाही. तुम्हाला गाड्यांमधलं कळतं?"

"थोडंफार."

नाशिकला उतरताना त्यानं उरलेले दाणे रुमालासकट माझ्या हातात ठेवले आणि गर्दीत दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. डिसेंबर होता, पण आभाळ भरून आलं होतं. द्राक्षवाल्यांच्या काळजात धडकी भरवणारी हवा. फाटकाशी तोच उभा होता. खांद्यावरच्या पिशवीवर कंपनीचं नाव होतं.

"मी गोरक्ष बोडके. तुमच्या तक्रारीवरून गाडी तपासायला आलोय."

मला आदल्या संध्याकाळचं एकेक वाक्य आठवायला लागलं. कंपनीतल्या लोकांना मी काय काय म्हणाले होते...

"काल सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही थांबतच नव्हता." मग ओशाळून, "आणि निर्लज्ज, दगड, परदेशी लोकांचे हमाल... एवढं ऐकल्यावर लय अवघड जातं हो, ‘तो मीच’ असं सांगणं."

त्या ‘लय’वर त्यानं जीभ चावली. मूळचा सिन्नरकडचा निघाला.

"मी बाहेर बसले होते तेव्हा तुम्ही आत होता?"

"आत पिशवी भरत होतो. इकडे यायची." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "रुमाल धुतलात का?"

"कंपनीच्या माणसाचा आहे हे कळलं असतं तर वाटेतच टाकला असता."

"मग बरं झालं, नाही सांगितलं ते."

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ खंडेराव मिस्त्रींचं गॅरेज होतं. बाबांची अँबॅसिडर त्यांच्याच हातची. चार माणसांनी ढकलत राखाडी गाडी तिथे नेली. खंडेरावांनी कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ताई, खरं सांगू का? गिअर आपले आपण पडणार, तर मग डायव्हरनी करायचं काय? नुसतं बसायचं? ही गाडी नाय, पाळणा हाय."

गोरक्ष गाडीखाली शिरला. त्याआधी एक गोष्ट केली त्यानं. पुढच्या काचेशी बाबांचा जाड भिंगांचा चष्मा तसाच पडला होता. त्यानं हात साबणानं धुतले, पुसले, चष्मा उचलून माझ्याकडे दिला आणि मगच तेलात हात घातला. मी चष्मा पर्समध्ये ठेवला आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. रडू येत नव्हतंच. तीन महिने आलं नव्हतं.

काम लांबलं. एक हत्यार मुंबईहून यायचं होतं. कॉलेजात तास घेऊन मी गॅरेजवर जाई. खंडेराव एक डबा उलटा करून मला बसायला देत. गोरक्षच्या कपाळावर नेमका काळा डाग पडलेला असे.

"हसताय कशाला?"

"शत्रूच्या तोंडाला काळं लागलेलं बघून बरं वाटतं."

"इतिहास शिकवता ना तुम्ही? शत्रूला जेवायला बोलवायची रीत होती पूर्वी."

"विष घालायचीही होती."

"चालेल. बाहेरचं खाऊन कंटाळा आलाय."

आईनंच त्याला जेवायला बोलावलं. आमच्या स्वयंपाकघरात तीन ताटं वाढली गेली, आणि मी तिसऱ्या ताटाकडे बघायचं टाळलं. त्यानं बाबांची जागा घेतली नाही. भिंतीकडेला अवघडून बसला. वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं. आई त्याला आधी ‘साहेब’ म्हणाली, मग ‘बोडके’, आणि दुसऱ्या आठवड्यात नुसतं ‘गोरक्ष’. बाबा गेल्यापासून ती इतकी गप्प झाली होती की कुणाला हाक मारताना तिचा आवाज ऐकला, तरी मी चमकत असे.

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. छत्री एकच होती, आणि ती त्यानं सगळी माझ्यावर धरली होती.

"भिजताय तुम्ही."

"कंपनीचा माणूस आहे. भिजला तर तुम्हाला आनंदच व्हायला हवा."

"हवा खरं तर," मी म्हणाले. "पण होत नाहीये."

फाटकाची कडी काढताना त्याचा हात माझ्या हाताला लागला, आणि आम्ही दोघांनीही तो चटकन मागे घेतला. मग रात्रभर मला वाटत राहिलं – इतक्या लवकर नको होता घ्यायला. आणि लगेच लाज वाटली. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते.

हत्यार आलं. गिअरबॉक्स उघडला. त्या दुपारी तो घरी आला तेव्हा कपाळावर डाग नव्हता. तोंड धुऊन, केस विंचरून आला होता. वाईट बातमी द्यायला बाबा असेच तयार होऊन जायचे.

"आतल्या चकत्या, बेअरिंगं, सगळं करपलंय," तो म्हणाला. "तेल भरपूर आहे, पण पोचलेलं नाही. एक विचारू का? राग येईल."

"विचारा."

"डॉक्टरसाहेब उतारावर इंजिन बंद करायचे का?"

मला समजेना. त्यानं समजावून सांगितलं. आपल्याकडे सगळेच करतात. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, चावी फिरवायची. पेट्रोल वाचतं. साध्या गाडीला त्यानं काही होत नाही. पण या गाडीत इंजिन फिरलं तरच गिअरबॉक्समध्ये तेल फिरतं. इंजिन बंद आणि चाकं पळताहेत, म्हणजे आत सगळं कोरडं घासत राहतं. दोरीनं ओढली तरी तेच.

"बाबा असं काही करणार नाहीत," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "हे तुमच्या साहेबांनी शिकवून पाठवलंय. ते शिस्तीचे होते. ते कधीच..."

"करायचे की," आई म्हणाली.

ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवले, पदरानं हात पुसले.

"दर बुधवारी करायचे, या गाडीतही. मी सोबत असायची ना. चांदवडच्या पुढचा घाट लागला की चावी फिरवायचे. पेट्रोलसाठी सुरू केलं असेल पहिल्यांदा. पण मग... इंजिन बंद झालं की किती शांत होतं गं. नुसता वारा, आणि खाली गावातल्या गाईंच्या घंटा. घरी कधी बोलायचे ते? पेशंट, नाहीतर पेपर. तेवढ्या घाटात मात्र बोलायचे. तू कॉलेजला गेलीस ते, पाय गेला तेव्हा काय वाटलं ते, सगळं मला त्या उतारावर कळलं. खाली पोचलो की चावी फिरवायची, आणि पुन्हा गप्प."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. आई आत निघून गेली.

गोरक्षनं चहाला हात लावला नव्हता. खालच्या आवाजात तो म्हणाला, "अहवाल मी लिहिणार आहे. करपलंय हे दिसतंय. कशानं, ते मी ‘निश्चित सांगता येत नाही’ असं लिहू शकतो. कंपनीला मग हमी द्यावीच लागेल. तो शब्दही जाईल."

"तुमची नोकरी?"

"कोणाला कळणार आहे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली नाही. माझ्यासाठी काहीतरी द्यायला निघालेला माणूस आजवर मी पाहिला नव्हता, आणि हा द्यायला निघाला होता ते खोटं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं... बाबांकडे लोक खोटी सर्टिफिकेटं मागायला यायचे. ते चहा पाजून परत पाठवायचे, रागवायचे नाहीत.

"जे झालं ते लिहा," मी म्हणाले. "इंजिन बंद केल्यामुळे झालं. आणि हेही लिहा की गाडी देताना त्यांना हे कोणीही सांगितलं नव्हतं. दोन्ही खरंय ना?"

"दोन्ही खरंय. पण कंपनी पहिलंच वाक्य वाचेल."

"वाचू दे."

"करुणा," त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "मग तो शब्द राहील."

"माहितीये."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. तो जाताना मी फाटकापर्यंत गेले नाही. खिडकीतून पाठमोरी पिशवी दिसली, तेवढीच.

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. दावा फेटाळला होता, आणि तो शब्द जसाच्या तसा होता. राखाडी गाडी खंडेरावांच्या गॅरेजमागे जाऊन उभी राहिली. घाटाखालचा दवाखानाही रिकामा करून द्यायचा होता. जागेची किल्ली गावात परत करायची होती. मी ते पुढे ढकलत राहिले. आई मात्र रोज विचारायची, "कधी जायचं?"

एका रविवारी फाटकाशी जीप थांबली. गोरक्ष उतरला. या वेळी पिशवी नव्हती.

"सिन्नरला घरी आलो होतो. थोरल्या भावाची जीप आहे. खंडेराव भेटले, म्हणाले, दवाखान्याचं सामान आणायचंय."

"खंडेरावांना सिन्नरला काय काम होतं?"

"काहीच नाही. मीच गेलो होतो गॅरेजवर." तो जीपच्या चाकाकडे बघत होता. "तुम्ही दार लावून घ्याल म्हणून आधी तिथे विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, लावलं तर पुन्हा वाजवा."

आई केव्हाच चपला घालून मागच्या बाकावर चढून बसली होती.

चांदवड मागे पडलं. आभाळ राखाडी होतं, दोन्हीकडे कांद्याची ओली शेतं. जीप इतकी खडखडत होती की बोलायची सोयच नव्हती. मला ते बरंच वाटलं. घाट सुरू झाला. अवघड वळणं संपून शेवटचा लांब, सरळ उतार आला तेव्हा मागून आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गोरक्ष, या गाडीला चालतं का रे?"

त्यानं आरशात मागे पाहिलं, मग समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे.

"या गाडीला चालतं, आई."

त्यानं गिअर काढला आणि चावी फिरवली.

खडखड एकदम थांबली. वाऱ्याचा आवाज आला, टायरखालच्या ओल्या रस्त्याचा आला. खालून खरोखरच घंटा ऐकू येत होत्या. मी मागे वळून पाहिलं. आई डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. कोणाशी तरी ती काहीतरी बोलत होती, अगदी हळू, घरातलं काहीतरी.

मग मला रडू आलं. तीन-चार महिन्यांचं, सगळं. मी आवाज न करता रडत होते, पण तिथे आवाज लपवायला काही नव्हतंच.

गोरक्षनं माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो रस्त्याकडेच बघत राहिला.

"गेला महिनाभर मला झोप लागली नाही," तो म्हणाला. कुजबुजला असता तरी ऐकू आलं असतं. "तो अहवाल लिहिला म्हणून नाही. खरं होतं ते. पण ते लिहून झाल्यावर मला ते तुम्हालाच दाखवावंसं वाटलं, दुसऱ्या कोणाला नाही. आणि तुम्ही फाटकापाशी नव्हता. ...उतार संपायच्या आत सांगायचं होतं. मला तुमच्याशी लग्न करायचंय. घरी दादाला सांगून आलोय. तो आठ दिवस बोलला नाही. मग जीपची किल्ली दिली."

गाडी आपल्या वजनानं खाली घसरत होती. पायथ्याचं गाव दिसायला लागलं होतं, दवाखान्याचं पत्र्याचं छप्परही. बाबांना या रस्त्यावर निष्काळजी म्हणणारा तो शब्द मी मनाशी एकदा उच्चारून पाहिला. हो, खरंय, मला वाटलं. तेवढ्यापुरते होते ते.

"अजून थोडा उतार आहे," मी म्हणाले. "चावी फिरवू नका."

त्यानं पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि या वेळी कोणीच तो मागे घेतला नाही.