हरणखुरीचा मांडव

"हा मांडव कुणाचा?"

लिनियाने वर पाहिलं. वाफ्याच्या कडेला एक उंच तरुण उभा होता. नाक उन्हाने सोललेलं, हातात नारिंगी झेंड्यांचा जुडगा.

"माझा," ती तोऱ्यात म्हणाली. "एकटीने बांधलाय. कसा वाटतो?"

"मांडव झकास आहे. पण त्यावर काय चढवलंय... ठाऊक आहे का?"

"मॉर्निंग ग्लोरी, सकाळी फुलणारी शोभेची वेल! आपोआप उगवली, म्हणून तिचे जरा जास्तच लाड केले. मासळीचं खतसुद्धा घातलं."

त्याने क्षणभर डोळे मिटले. "हरणखुरी आहे ती. तण आहे. अख्ख्या मिनेसोटात तिला खत घालणारी माणसं फार नसतील."

लिनियाच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. पांढऱ्या-गुलाबी फुलांचे ते नाजूक पेले वाऱ्यावर डुलत होते, जणू काही झालंच नाही. त्याने खाली वाकून एक झेंडी मातीत खोचली आणि हळूच म्हणाला, "सॉरी हं."

"कुणाला म्हणताय? मला की वेलीला?"

"दोघींना," तो म्हणाला, आणि हसला. झेंडी नियमाने लागली होती, हे हसू मात्र नियमात बसणारं नव्हतं.

त्याचं नाव नेल्स ब्राटन. शाळेत बँड शिकवायचा आणि शनिवारी गावाच्या सामायिक बागेतलं तण तपासायचा. बागेचा नियम साधा होता. पहिली झेंडी म्हणजे समज. दुसरी लागली की प्रकरण सभेपुढे, आणि सभेने मान डोलावली की वाफा, तो मिळावा म्हणून थांबलेल्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला. लिनिया या गावात नवखी होती, धोबीखान्याच्या वर भाड्याच्या खोलीत राहत होती. तिथे खिडकीत कुंडी ठेवायलाही जागा नव्हती. हा एवढासा मातीचा तुकडाच काय तो तिचा. तो गेला असता तर ऑफिसातल्या नोकरीखेरीज तिला या गावात थांबायला दुसरं काही कारण उरलं नसतं.

पुढच्या शनिवारी नेल्स झेंड्यांऐवजी माती उकरायचा दातेरी काटा घेऊन आला. रात्री पाऊस पडून गेला होता, माती लोण्यासारखी मऊ झाली होती.

"ओढायचं नाही," तो तिच्या शेजारी गुडघे टेकत म्हणाला. "ओढलं की तुटतं, आणि तुटलं की तिथून दोन कोंब फुटतात. हे पांढरं मूळ दिसतं ना? त्याच्या मागे मागे जायचं... हळूच."

"तुम्ही सगळ्यांनाच असं शिकवता?"

"नाही. बाकीच्यांना नुसती झेंडी लावतो."

मुळाच्या मागे जाता जाता दोघांची बोटं मातीत भेटली. दोघांनीही मूळ सोडलं नाही — आणि बोटंही लगेच मागे घेतली नाहीत. मग शनिवारमागून शनिवार तो येत राहिला. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

पण प्रेमात पडलेल्या माणसाला घाई नडते. त्याला चकित करायचं म्हणून लिनियाने ऑफिसातल्या मैत्रिणीकडून माती उलथायचं यंत्र मागून आणलं आणि एका संध्याकाळी सगळा वाफा घुसळून काढला. काय देखणी झाली माती! तिने स्वतःची पाठही थोपटून घेतली. आठवड्याने पाऊस झाला, आणि यंत्राने चिरलेल्या मुळाच्या तुकड्या-तुकड्यातून कोवळे कोंब वर आले. यंत्राने उडवलेले तुकडे शेजारच्या गाजरांत आणि घेवड्यातही रुजले होते. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा!

नेल्स आला. वाकून त्याने मुळाचा एक चिरलेला तुकडा उचलला.

"यंत्र फिरवलंस?"

"तुला आवडेल असं वाटलं..." तिचे डोळे भरून आले. "आता हसू नकोस."

तो हसला नाही. त्याने दुसरी झेंडी खोचली, तिच्याकडे न बघता. लिनियाला वाटलं, संपलं सगळं. वाफाही गेला आणि शनिवारही गेले.

सभा बागेतच भरली. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणलं होतं. वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे पेरून ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश होती, रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या होत्या. लिनियाला घास गिळवेना. बागेच्या प्रमुख बर्निसबाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

"पोरगी गुणी आहे," त्या म्हणाल्या, "पण माझ्या गाजरांनी काय पाप केलंय? वाफा यादीतल्या पुढच्याला द्यावा, असं मला वाटतं. कुणाला काही बोलायचंय?"

"मला," नेल्स उठला. "यादीतल्या माणसाला माझा वाफा द्या."

सगळ्यांचे चमचे थांबले. त्याच्या वाफ्यातली डेलियाची फुलं बघायला शेजारच्या गावातून माणसं यायची.

"आणि तू रे कुठे जाणार?" बर्निसबाईंनी विचारलं.

"लिनियाच्या वाफ्यात... तिची हरकत नसेल तर. तण मी काढीन. तुमच्या गाजरांतलंसुद्धा."

बर्निसबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगंबाई! रोग भलत्याच जागी लागलाय म्हणायचा. याच्यावर आमच्याकडे औषध नाही बाई. मंजूर!" सगळे टाळ्या पिटत हसले. लिनियाने रुबार्बच्या दोन वड्या एकदम तोंडात कोंबल्या, कारण रडू आणि हसू दोन्ही एकाच वेळी येत होतं.

पांगापांग झाल्यावर ती त्याला वाफ्याशी गाठून म्हणाली, "वेडा आहेस का? डेलिया सोडल्यास?"

"कंद काढून आणीन. इथेही लागतील." तो मातीत काटा रोवून उभा राहिला. "चाळीस पोरांकडून बँड वाजवून घेतो मी, पण तुझ्यासमोर तोंड उघडत नाही. त्या दिवशी झेंडी लावली तेव्हा तुझ्याकडे बघितलं असतं, तर लावूच शकलो नसतो. लिनिया... शनिवार येईपर्यंत माझा आठवडा सरत नाही. मला तू आवडतेस. फार."

लिनिया त्याच्याजवळ सरकली. तरी खोडी काढल्याशिवाय तिला राहवेना.

"आणि हे तण संपलं की? मग कशाच्या निमित्ताने येशील?"

"याचं बी मातीत पन्नास वर्षं जिवंत राहतं," नेल्स गंभीरपणे म्हणाला.

लिनियाने आपला चिखलाचा हात त्याच्या हातात दिला.

"मग जरा हळू खण," ती म्हणाली.