टिटवीचे लेखाशीर्ष

लोणारच्या विवराकाठी उभ्या असलेल्या अंतराळ-संरक्षण केंद्रात त्या सकाळी तीन स्वतंत्र गणकांनी एकच उत्तर दिले, आणि आपले गणित चुकलेले असावे अशी प्रार्थना डॉ. अन्वर परकार यांनी आयुष्यात पहिल्यांदा केली.

भिंतीएवढ्या पडद्यावर एक काळसर दगड संथपणे फिरत होता. लांबी शंभर मीटर, पोटावर एक उभी चीर. त्या चिरेमुळेच केंद्राने या लघुग्रहाला ‘कवडी’ असे नाव दिले होते. चार महिन्यांनी ही कवडी पृथ्वीच्या जवळून जाणार होती. तेव्हा धडकणार नव्हती. भीती त्यानंतरची होती.

“बोल,” मागून आवाज आला.

डॉ. सौदामिनी राजाध्यक्ष दारात उभ्या होत्या. वय एकोणऐंशी, पाठ ताठ, नेसण इरकलीची. केंद्राची पहिली वीट रचली गेली तेव्हापासून त्या संचालक होत्या आणि सारे केंद्र त्यांना ‘बाईसाहेब’ म्हणत असे. निवृत्तीचा विषय त्यांच्यापुढे काढण्याची छाती अद्याप कोणाची झालेली नव्हती.

“बाईसाहेब, ती कवाडातून जाते आहे.”

‘गुरुत्वकवाड’ हा शब्द बाईसाहेबांचाच. पृथ्वीजवळून जाणाऱ्या दगडाची वाट पृथ्वीच्या ओढीमुळे वाकते. किती वाकेल, हे तो नेमका कुठून गेला यावर ठरते. आकाशात एक अरुंद पट्टा असा असतो, की दगड त्यातून गेला तर त्याची वाट बरोबर इतकीच वाकते, की काही वर्षांनी तो परत यावा आणि त्या वेळी मात्र पृथ्वीवरच आदळावा. कवडीसाठी हे कवाड सहाशे मीटर रुंद होते. ते ओलांडल्यावर सात वर्षांनी ती परतणार होती, आणि तिच्या पतनाची रेषा दाभोळपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावरून जात होती.

त्या रेषेच्या मधोमध हर्णै होते. अन्वरची आई तिथे अजूनही बंदरावर उभी राहून मासळीच्या लिलावात भल्याभल्यांना घाम फोडत असे.

“आणि टिटवी?” बाईसाहेबांनी विचारले.

‘टिटवी’ हे केंद्राचे छोटे यान. खनिजांची पाहणी करण्यासाठी ते कवडीपाशी वर्षभरापूर्वीच पोहोचले होते.

“टिटवी कवडीच्या एका बाजूला दीडशे मीटरवर नुसती तरंगत ठेवली, तरी दोघींमध्ये गुरुत्वाची ओढ राहते. टिटवी इंजिनाच्या जोरावर आपली जागा सोडत नाही. म्हणजे कवडीलाच तिच्याकडे सरकावे लागते. दोर नको, स्फोट नको. ओढ इतकी क्षीण, की मुंगीलाही जाणवू नये. पण चार महिन्यांत तेवढ्याने कवडी नऊशे मीटर बाजूला सरकते. कवाड चुकते.”

“आणि कवाडातून गेल्यावर ओढायला लागलो तर?”

“सात वर्षे ओढले तरी चारशे किलोमीटर. पृथ्वी चुकवायला तेव्हा सहा हजारांहून जास्त लागतील.”

“म्हणजे आज फुंकर पुरेल, उद्या वादळही पुरणार नाही. मग टिटवीला हुकूम का दिला नाहीस?”

अन्वरने पडद्याच्या कोपऱ्यातल्या लाल चौकोनाकडे बोट दाखवले. ते ‘कोषकुलूप’ होते. संघराज्याच्या पैशाने बनलेल्या प्रत्येक यंत्रात ते बसवलेले असे. हुकुमासोबत जिवंत लेखाशीर्षाचा क्रमांक, म्हणजे संघसभेने ज्या कामासाठी पैसा मंजूर केला त्या कामाचा क्रमांक, पाठवला नाही तर यंत्र जागचे हलत नसे. टिटवीचे लेखाशीर्ष होते ‘खनिज-पाहणी’. दगड ओढणे हे नवे कार्य. त्याला शीर्षच नव्हते.

“कुलूप माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिले आहे,” अन्वर हळूच म्हणाला. “तो म्हणतो, बगल देता येईल.”

बाईसाहेबांनी त्याच्याकडे असे पाहिले, की वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला आपण पाटी विसरून शाळेत आल्यासारखे वाटले.

“ज्या सभेच्या पैशाने ते यान उडाले, तिला न विचारता त्यातला इंधनाचा एक थेंबही मी वळवणार नाही. आज आपण चांगल्या कामासाठी कुलूप मोडू. उद्या कोणी वाईट कामासाठी मोडील आणि बोट आपल्याकडे दाखवील. वेशीतूनच जायचे, अन्वर.”

“पण नुसती शंका आली तेव्हापासून खात्याला आपण तीनदा लिहिले, बाईसाहेब. तीनदा उत्तर आले, ‘पुढील वर्षी विचार करू’.”

“लहान मागणी खात्याच्या टेबलावरच विझते. सभेपुढे जाते ती फक्त मोठी. तेव्हा मोठी मागणी करू. आणि खोटी नव्हे, खरी. टिटवीने आज ओढायचे. आणि ती ओढ तोकडी पडलीच, तर एक भक्कम धडक-यान बांधून हाताशी ठेवायचे. दोन्ही मिळून एकच कार्य: लघुग्रह-निवारण. किती होतात?”

“चार हजार कोटी. बाईसाहेब, एवढे कोणी देणार नाही!”

“मागून तर पाहू,” बाईसाहेब म्हणाल्या. “गाडी काढायला सांग. नागपूरला जायचे आहे.”

संघराज्याची राजधानी नागपूरला हलून आता पिढी लोटली होती. संघसभेची पुरवणी मागण्यांची बैठक तिथे सुरू होती. वर्षाच्या मुख्य अर्थसंकल्पात जे सुचले नाही, ते या बैठकीत मागायचे. सभेने होकार दिला की त्याच दिवशी विनियोजन विधेयक मंजूर होई, आणि तिजोरीचे दार तेवढ्यापुरते उघडे. ही बैठक हुकली तर पुढची सहा महिन्यांनी. तोवर कवडी कवाड ओलांडून गेलेली असती.

वाटेत अन्वरने सभेची रीत समजावून घेतली. मागणी सभेला तीन प्रकारे निकालात काढता येई: मंजूर करणे, पुढच्या वर्षावर ढकलणे किंवा तिच्यात कपात करणे. तिचे तुकडे पाडून एक भाग घेणे आणि एक टाकणे, हे मात्र नियमात बसत नसे.

“आणि विश्वंभर नाडकर्णी?” त्याने विचारले. काटकसर गटाच्या या पुढाऱ्याचे नाव ऐकून खातीच्या खाती चळाचळा कापत.

“हुशार आहे, पण शीघ्रकोपी. शिवाय समोरचा बोलत असताना तो आपले पुढचे वाक्य जुळवत असतो.” बाईसाहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. “अशा माणसाचा राग वाया जाऊ देऊ नये.”

याचा अर्थ अन्वरला तेव्हा लागला नाही.

सभागृह भरलेले होते. अध्यक्षपदी दादासाहेब मोहोड होते. दर्यापूरकडचे, अंगापिंडाने आडवे, डोळ्यांनी बारीक.

“या जी, बाईसाहेब. बसा. चार हजार कोटी म्हंता? अन् ते बी एका दगडासाठी?”

“कवडीसाठी, अध्यक्षमहाराज!” नाडकर्णी बसल्या जागेवरून ओरडले. “कवडीसाठी चार हजार कोटी! याला म्हणतात कवडीमोल भाव!”

सभागृह खो खो हसले. बाईसाहेबांनी हसू ओसरेपर्यंत वाट पाहिली, घोटभर पाणी घेतले, आणि मग कवाड, टिटवी, आजची फुंकर आणि उद्याचे वादळ असे सारे पाचवीतल्या मुलालाही उमगावे इतक्या स्वच्छ भाषेत सांगितले.

“म्हंजे बैल गोठ्यातून निंघाच्या आधी दावं वढलं तं पोट्टं बी थांबवते, एकदा वावरात उधळला का मंग गाव लागते. असंच ना?”

“अगदी असेच, दादासाहेब. आणि हेही नोंदवून घ्यावे, की दावे आपल्या हातात आहे. टिटवी तिथे आहे, तिच्यात इंधन आहे, माणसे पगारावर आहेत. ओढण्याच्या कामाला नवा पैसा लागणार नाही. सभेची मान्यता तेवढी लागेल. मोठी रक्कम आहे ती दुसऱ्या यानासाठी. ती आमची खबरदारी.”

अन्वरने नाडकर्णींकडे पाहिले. ते मान खाली घालून हातातल्या पाटीवर भराभर काहीतरी खरडत होते.

दादासाहेबांनी दाढी खाजवली. “बाईसाहेब, पटते मले. पण यंदा तिजोरीत खडखडाट हाये. असं करू. पुढच्या वर्साच्या अर्थसंकल्पात तुमाले निम्मे देतो. दोन हजार कोटी. माहा शबुद.”

सभागृहात कुजबुज उठली. इतका उदार देकार तिथे कोणी ऐकला नव्हता. अन्वरने मनात हिशेब केला. मागणी पुढच्या वर्षावर गेली म्हणजे तिचे शीर्षही पुढच्या वर्षावर गेले. चार महिन्यांनी दोन हजार कोटींचे आश्वासन हर्णैच्या काय उपयोगाचे?

“आभारी आहे,” बाईसाहेब म्हणाल्या. “मला ते नको.”

“नको?” नाडकर्णी ताडकन उभे राहिले. “ऐकलेत? दोन हजार कोटी नकोत! कोण समजता तुम्ही स्वतःला?”

“वयाने तुमच्या आईएवढी, आणि या विषयात तुमच्याहून थोडी जास्त जाणती. द्यायचे तर आज द्या, नाडकर्णी. उद्याचे जेवण आजच्या उपाशाला वाढू नका. आणि कापायचेच असेल, तर असे चाचरत कापू नका. तुमच्या सुरीला धार राहिलेली नाही, असे लोक म्हणू लागले आहेत.”

नाडकर्णींचा चेहरा लालबुंद झाला. “अध्यक्षमहाराज! मी धोरण-कपात मांडतो!”

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. हे अस्त्र वीस वर्षांत कोणी उपसले नव्हते. मागणी पुढे ढकलण्यापेक्षाही ते जहरी होते. धोरण-कपातीत मागितलेली सारी रक्कम छाटून फक्त एक रुपया शिल्लक ठेवायचा. मागणी पुसून टाकायची नाही; तिचे नाव, तिचा क्रमांक आणि तिची ती एका रुपयाची फजिती विनियोजन कायद्यात छापून ठेवायची, म्हणजे पुढच्या पिढ्यांनी वाचून हसावे.

“बाईसाहेब,” अन्वर कानाशी कुजबुजला, “माफी मागा. अजून वेळ आहे.”

“ताठ बैस.”

मतदान झाले. धोरण-कपात भरघोस मतांनी मंजूर झाली. नाडकर्णींच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. कोणीतरी एक नाणे काढून बोटांनी टणकन उडवलेही. अन्वरला समोरचे दिसेनासे झाले. त्याच्या डोळ्यांपुढे हर्णैचे बंदर होते आणि हात वर करून भाव पुकारणारी आई.

बाईसाहेब सावकाश उठल्या. पदर सारखा केला.

“अध्यक्षमहाराज, एक खुलासा हवा. लघुग्रह-निवारण या कार्याचे लेखाशीर्ष कायम राहिले ना?”

“कपातीत शीर्ष जात नाही जी. कायम हाये.”

“आणि त्यात सभेने रक्कम मंजूर केली आहे?”

“केली ना. एक रुपया.” एवढे बोलून दादासाहेब थबकले. त्यांचे बारीक डोळे आणखी बारीक झाले. मघाचा बैल, मघाचे दावे आणि मघाची ती ‘मान्यता तेवढी लागेल’, हे सारे त्यांच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक उमटत गेलेले अन्वरने स्पष्ट पाहिले. मिशीआडून हसू फुटू पाहत होते. ते त्यांनी महत्प्रयासाने दाबले.

“विधेयक आजच मंजूर करून टाकतो,” ते गंभीरपणे म्हणाले. “नाडकर्णीसाहेबाइची मेहनत वाया नोको जाले.”

विधेयकावरचे मतदान उरकले आणि बाईसाहेब सभागृहाबाहेरच्या सज्जात आल्या. आता अन्वरला सगळे कळले होते. कोषकुलूप रक्कम किती आहे हे पाहत नव्हते. लेखाशीर्ष जिवंत आहे की नाही, एवढेच ते पाहत होते.

“उभा काय राहिलास?” बाईसाहेब कडाडल्या. “टिटवीला हुकूम दे!”

त्याने केंद्राशी जोडलेल्या आपल्या पाटीवर नवा क्रमांक घातला. हुकूम अंतराळात गेला, तिथून उत्तर आले आणि लाल चौकोन हिरवा झाला. कोट्यवधी किलोमीटरवर एक लहानसे यान कवडीच्या कुशीला जाऊन तरंगू लागले.

“टिटवीने समुद्र आटवला म्हणतात,” अन्वर म्हणाला.

“आटवायचा नाही, वाचवायचा आहे. किनाऱ्यासकट. आईला फोन कर. आणि मला उत्तम पापलेट पाठवायला सांग. मी लिलावात घासाघीस करणार नाही.”

चार महिन्यांनी कवडी पृथ्वीजवळून गेली. कवाडाच्या कडेपासून तिचे अंतर पुरते तीनशे मीटर भरले. पडद्यावर तिची वाट सात वर्षे, सत्तर वर्षे, सातशे वर्षे पुढे रेखून पाहिली. ती पृथ्वीला कुठेच शिवत नव्हती. लोणारला मिठाई वाटली गेली, हर्णैला बोटींवर पताका लागल्या, आणि ज्या एका रुपयाला लोक हसले होते त्याच रुपयाचे चित्र वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले.

आठवड्याने नाडकर्णी स्वतः लोणारला आले. केंद्राच्या पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली होती.

“तुम्ही मला फसवलेत, बाईसाहेब,” ते म्हणाले. पण आवाजात धार नव्हती.

“मी एक शब्द लपवला नाही. सारे सभेच्या कामकाजात आहे. तुम्ही खरडत होतात.” त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. “बसा. चहा घ्या. किनारा तुम्हीच वाचवलात, हे मी जाहीर सभेतही सांगेन.”

नाडकर्णी ओशाळे हसले आणि बसले. चहा संपल्यावर बाईसाहेबांनी टेबलावर एक नाणे ठेवले आणि त्यांच्याकडे सरकवले.

“हे काय?”

“मंजूर रक्कम. इंधन जुने होते, पगार चालूच होते. नव्या शीर्षातला पैसा आम्हाला लागला नाही, आणि अखर्चित पैसा वेळेत परत करायचा असतो. परत न करणाऱ्याला सभा पुढच्या वर्षी दारात उभे करत नाही.”

“पुढच्या वर्षी?”

“आकाशात कवडी एकच नाही, नाडकर्णी. अन्वरला आणखी दोन सापडल्या आहेत, आणि त्यांच्याजवळ कुठलीच टिटवी नाही. चार हजार कोटींची मागणी घेऊन मी पुन्हा येते आहे.” बाईसाहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांना लावला. “या खेपेला रुपया पुरणार नाही. तेव्हा पाटी घरी ठेवा, आणि नीट ऐका.”

नाडकर्णींनी नाणे उचलून मुठीत घेतले, आणि अन्वरने प्रथमच पाहिले की ते ऐकत होते.